वेगाचा सेन्सर वाकडा बसला, तर चूक कोणाची?

गाडीच्या चाकाजवळ, हबच्या आतल्या बाजूला, वेग मोजणारा एक लहानसा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या टोन रिंगचा, म्हणजे दातेरी कड्याचा, एकेक दाता त्याच्या टोकासमोरून सरकतो, तसतसा तो एकेक स्पंद पाठवतो. या स्पंदांच्या गतीवरून एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोलर चाक नीट फिरते आहे की रस्त्यावर घसरू लागले आहे, हे ठरवतो. रिंगला ४८ दाते आहेत आणि टायरचा घेर १.९ मीटर आहे असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ४२० स्पंद येतात. जोराने ब्रेक दाबला गेला की कोणत्या चाकावरचा दाब सोडायचा आणि कोणत्या चाकावरचा धरून ठेवायचा, हा निर्णय याच स्पंदांच्या आधारे घेतला जातो. सेन्सरमधली चिप कितीही उत्तम असली, तरी तो रिंगपासून योग्य अंतरावर, योग्य कोनात आणि योग्य दिशेने बसलेला नसेल, तर त्या उत्तमपणाचा काहीही उपयोग होत नाही.

वाहनांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये काम करताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. सेन्सरची अचूकता, तापमान सोसण्याची क्षमता, विद्युत गोंगाटापासून संरक्षण यांवर आम्ही तासन्‌तास चर्चा करतो. तो बसवायचा कसा, हा विषय मात्र शेवटी, घाईघाईने, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या एखाद्या टिपेत उरकला जातो. स्क्रीनवरच्या मॉडेलमध्ये सेन्सर हवा तसा फिरवून पाहता येतो, हब पारदर्शक करता येतो, रिंग आणि टोक यांच्यातली फट मोठी करून न्याहाळता येते. प्रत्यक्षात बसवणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. सेन्सर भोकात गेला की त्याचे टोक, म्हणजे ज्या भागाच्या स्थानावर सगळे अवलंबून आहे तोच भाग, नजरेआड होतो. बाहेर उरतात ती फ्लँज, म्हणजे सेन्सर टेकवून आवळायची चपटी पट्टी, एक बोल्ट आणि एक केबल. चाकणच्या एखाद्या असेंब्ली लाइनवर हातमोजे घालून, ठरलेल्या सेकंदांत हे काम करणारा ऑपरेटर असो, किंवा गाडीखाली पाठीवर पडून, एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावणारा गॅरेजमधला मेकॅनिक असो, दोघांनाही हे काम न पाहताच करावे लागते.

म्हणूनच माझे ठाम मत आहे की वेगाचा सेन्सर दूर, वाकडा किंवा उलटा बसला, तर बहुतेक वेळा ती चूक बसवणाऱ्याची नसते. ती ड्रॉइंग काढणाऱ्याची असते. हे मत केवळ सहानुभूतीपोटी आलेले नाही. त्याला भौतिकशास्त्राचा आणि काही फार महाग पडलेल्या घटनांचा आधार आहे.

आधी अंतराचा विचार करू. सेन्सरचे टोक आणि दात्याचा माथा यांच्यातल्या फटीला आम्ही सगळे एअर गॅपच म्हणतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये एक कायमचा चुंबक, लोखंडी ध्रुवटोक आणि त्याभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल असते. दाता समोर आला की चुंबकीय प्रवाह वाढतो, खाच आली की कमी होतो, आणि या बदलामुळे कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होते. नव्या सेन्सरमध्ये कॉइलऐवजी चुंबकीय क्षेत्र ओळखणारे हॉल घटक किंवा त्या क्षेत्रानुसार विद्युत रोध बदलणारे घटक असतात, आणि ते दोन तारांमधून ७ किंवा १४ मिलिअँपिअर असा प्रवाह पाठवून कमी-जास्त संकेत देतात. प्रकार कोणताही असो, दात्यांमुळे क्षेत्रात होणारा चढउतार रिंगपासून दूर जाताना सरळ रेषेत कमी होत नाही. तो घातांकी वेगाने विरतो. एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचे अंतर ६ मिलिमीटर असेल, तर एअर गॅप फक्त १ मिलिमीटरने वाढल्यावर हा चढउतार जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. दाते जितके बारीक, तितका हा ऱ्हास अधिक तीव्र. हे अंतर ४ मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच १ मिलिमीटरच्या चुकीने संकेत सुमारे एक-पंचमांश उरतो. स्पंद अधिक मिळावेत म्हणून दाते वाढवणारा डिझायनर नकळत बसवणाऱ्याकडून अधिक अचूकपणा मागत असतो.

आता हा एअर गॅप ठरतो कशाने, ते पाहिले की प्रश्न आणखी स्पष्ट होतो. सेन्सरच्या फ्लँजपासून टोकापर्यंतची लांबी, नकलवरच्या, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या ओतकामाच्या भागावरच्या, टेकण्याच्या पृष्ठभागाचे बेअरिंगच्या मध्यापासूनचे अंतर, रिंगची त्रिज्या, रिंगचा रनआउट (फिरताना तिची होणारी डगमग), बेअरिंगमधला खेळ (ढिलेपणा) आणि वळणावर हबला येणारा झुकाव, एवढ्या सगळ्यांच्या चुका एकत्र येऊन ती फट ठरते. उदाहरणादाखल या पाच-सहा गोष्टींमध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य चूक, धरले, तर सगळ्या चुका एकाच दिशेला गेल्यास बेरीज सहज ०.८ मिलिमीटरवर जाते. म्हणजे ड्रॉइंगवर १ मिलिमीटर लिहिलेला एअर गॅप एका गाडीत ०.२ आणि दुसऱ्या गाडीत १.८ मिलिमीटर असू शकतो, आणि ६ मिलिमीटर अंतराच्या दात्यांसाठी या दोन गाड्यांच्या संकेतांत पाचपटींहून जास्त फरक पडतो. वर्ग-बेरजेच्या पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून, हिशेब केला, तर हीच चूक ०.३७ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि कागदावर सगळे आलबेल दिसते. परंतु या पद्धतीत चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात, असे गृहीत धरलेले असते. एकाच साच्यातून आलेल्या ओतकामाच्या हजार नकल्समध्ये सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात, तेव्हा ते गृहीतक टिकत नाही. ब्रेकच्या बाबतीत मी नेहमी पहिला, कठोर हिशेबच धरावा असे म्हणतो.

या साखळीवर खरा उपाय म्हणजे तिच्यातल्या कड्या कमी करणे. सेन्सर नकलवर टेकवण्याऐवजी बेअरिंगच्याच बाहेरच्या रिंगवर किंवा तिच्या झाकणावर बसवला, तर मधल्या दोन-तीन मापांचा प्रश्नच उरत नाही, कारण रिंग आणि सेन्सर दोघांचेही मोजमाप एकाच भागापासून सुरू होते. प्रत्येक कडीचे टॉलरन्स आवळत बसण्यापेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्तही पडतो. हबबरोबरच सेन्सर येणाऱ्या बेअरिंगच्या संचांमध्ये हेच केलेले असते. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे. सेन्सर बिघडला तर काही संचांमध्ये सगळा हब बदलावा लागतो, आणि आपल्याकडच्या ग्राहकाला ती किंमत जड जाते.

कोनाची गोष्ट अंतरापेक्षा अधिक रंजक आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. आजच्या अनेक चाक-सेन्सरमध्ये दोन हॉल घटक एकमेकांपासून साधारण २.५ मिलिमीटरवर ठेवलेले असतात आणि चिप त्या दोघांमधला फरक मोजते. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र दोघांवर सारखेच पडते, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जाते. ही कल्पना अतिशय सुंदर आहे. मात्र त्यासाठी दोन्ही घटक दात्यांच्या फिरण्याच्या दिशेतच एकामागे एक असावे लागतात. सेन्सर स्वतःच्या अक्षाभोवती फिरलेला असेल, तर दात्यांना दिसणारे त्यांच्यातले अंतर कमी होत जाते. दात्यांमधले अंतर ५ मिलिमीटर असताना सेन्सर ३० अंशांनी फिरला, तर संकेत जेमतेम २ टक्के घटतो. ६० अंशांवर सुमारे ३० टक्के घट होते. ८० अंशांवर एक-चतुर्थांशाहून थोडाच अधिक संकेत उरतो, आणि ९० अंशांवर दोन्ही घटकांसमोर एकाच वेळी दाता आणि एकाच वेळी खाच येते, फरक शून्य होतो आणि सेन्सर पूर्ण आंधळा होतो. कॉइलवाल्या जुन्या सेन्सरमध्ये ध्रुवटोक छिन्नीच्या धारेसारखे असेल, तर तिथेही हीच अडचण येते. धार दात्याला समांतर असली पाहिजे. आडवी झाली की ती दाता आणि खाच दोन्हींवर एकदम पसरते.

या आकड्यांतून डिझायनरने जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्या नेमके उलट घडताना मी पाहिले आहे. ड्रॉइंगवर कोनाला अधिक-उणे १ अंशाचे टॉलरन्स लिहिलेले असते, जे भौतिकदृष्ट्या अनावश्यक आहे, कारण १० अंशांच्या चुकीनेही काही बिघडत नाही. त्याच वेळी सेन्सरचे शरीर गोल, भोक गोल आणि पकडण्याची पट्टी अशी असते की तो ९० अंशांत वळवूनही विनातक्रार बसतो. जिथे सैल राहता येते तिथे आवळायचे आणि जिथे दार कायमचे बंद करायला हवे तिथे ते उघडे ठेवायचे, हे चुकीचे आहे. छोट्या चुकीला क्षमा करणारी आणि मोठ्या चुकीला जागाच न देणारी रचना हवी. तिरक्या बाजूला काढलेला एकच बोल्ट, शरीरावरची एक सपाट बाजू किंवा एक उभी कड आणि तिला जुळणारी भोकातली खाच, एवढ्याने हे साधते. बोल्ट आवळताना त्याच्या घर्षणाने फ्लँज थोडी फिरते. म्हणून कोन बोल्टच्या भोकाने न ठरवता शरीरावरच्या कडेने ठरवणे मला अधिक पसंत आहे.

मग १८० अंशांचे काय? केवळ वेग मोजायचा असेल, तर उलट्या बसलेल्या सेन्सरने काहीच बिघडत नाही. फरकाचे चिन्ह बदलते, स्पंदांची संख्या तीच राहते. परंतु चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून धरून ठेवणारी यंत्रणा आणि आपोआप पार्किंग करणारी यंत्रणा यांना चाक पुढे फिरते आहे की मागे, हेही कळावे लागते. त्यासाठीच्या सेन्सरमध्ये आणखी एक घटक असतो आणि संकेतांच्या क्रमावरून दिशा ठरते. असा सेन्सर उलटा बसला, तर तो पूर्ण निरोगी असतो, नियमित स्पंद पाठवतो, आणि प्रत्येक वेळी दिशा उलटी सांगतो. दोन बोल्टांची समरूप फ्लँज असलेला जुना सेन्सर काढून, त्याच जागी दिशा ओळखणारा नवा सेन्सर बसवायचे ठरले की हा धोका जन्माला येतो, कारण काल निरुपद्रवी असलेली समरूपता आज घातक ठरते.

निरोगी पण उलटा सेन्सर काय करू शकतो, याचे सर्वात मोठे उदाहरण रस्त्यावरचे नाही. २ जुलै २०१३ रोजी कझाकस्तानातील बायकोनूर येथून ग्लोनास या दिशादर्शन मालिकेतले तीन उपग्रह घेऊन रशियाचे प्रोटॉन-एम रॉकेट उडाले. उड्डाणानंतर काही सेकंदांतच ते एका बाजूला झुकले, सावरण्याच्या प्रयत्नात दुसऱ्या बाजूला झुकले, हवेतच मोडू लागले आणि साधारण अर्ध्या मिनिटात तळाच्या परिसरातच कोसळले. चौकशीत आढळले की कोनीय वेग मोजणाऱ्या सहा सेन्सरपैकी तीन, म्हणजे रॉकेटचे डावे-उजवे वळण सांगणारे तिन्ही, १८० अंशांनी उलटे बसवलेले होते. रॉकेट डावीकडे वळले की ते उजवीकडे सांगत होते, आणि नियंत्रण-यंत्रणा त्यांच्यावर विश्वास ठेवून चूक वाढवत गेली. जमिनीवरच्या विद्युत चाचण्यांत हे सेन्सर सुस्थितीतच दिसले होते, कारण ते खरोखरच सुस्थितीत होते.

या घटनेतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा तपशील पुढे आहे. त्या सेन्सरवर वरची बाजू दाखवणारा बाण होता. बसवण्याच्या पट्टीवर उलटे बसू नये म्हणून खुंट्याही होत्या. तरीही ते उलटे बसवले गेले, आणि चौकशी समितीला पट्टीवर जोर लावल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे बाण पुरेसा नव्हता, आणि खुंट्यासुद्धा पुरेशा नव्हत्या, कारण जोर लावल्यावर त्या हार मानत होत्या. खुंटी किंवा कड किती मजबूत असावी, हा प्रश्न आम्ही वाहनांच्या क्षेत्रातही क्वचितच विचारतो. प्लास्टिकच्या शरीरावरची अर्ध्या मिलिमीटरची कड बोल्टच्या एका ताणाने चिरडली जाते. एम६ बोल्ट साध्या पान्याने आवळला तरी त्यातून निर्माण होणारी पकड काही हजार न्यूटनची असते. चुकीच्या स्थितीत बोल्टचे भोकच जुळता कामा नये, म्हणजे जोर लावण्याची संधीच मिळणार नाही. घरातल्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन जाड असते, आणि ती दुसऱ्या भोकात शिरतच नाही; तिथे कोणालाही बाण पाहावा लागत नाही. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, या नावाने जी विचारसरणी मांडली, तिचे सार हेच आहे, आणि पुणे-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत हा शब्द आज ऑपरेटरच्याही तोंडी आहे. दुःख एवढेच, की आपल्याकडे पोका-योके बहुधा लाइनवरच्या जिगमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, बसवला जातो, भागामध्ये नाही. जिग कारखान्यात राहतो. भाग मात्र पुढची पंधरा वर्षे वेगवेगळ्या गॅरेजमध्ये काढला-घातला जातो.

ड्रॉइंगच चुकीचे असले, तर काळजीपूर्वक काम करणाऱ्याचाही इलाज चालत नाही. ८ सप्टेंबर २००४ रोजी नासाचे जेनेसिस यान सौरवाऱ्यातील कण घेऊन परतले, तेव्हा त्याचे पॅराशूट उघडलेच नाही आणि कुपी युटाच्या वाळवंटात आदळली. पृथ्वीच्या वातावरणात शिरल्याचा धक्का ओळखणारे त्वरण-स्विच डिझाइनमध्येच उलटे दाखवले गेले होते. जोडणी करणाऱ्यांनी ती ड्रॉइंगप्रमाणे, अगदी बरोबर केली होती.

बसवण्याची सोय मनापासून विचारात घेतली की काय साधता येते, याचे माझे सर्वात आवडते उदाहरण मोठ्या ट्रक आणि बसच्या ॲक्सलवर सापडते. तिथे सेन्सर साधा दंडगोल असतो. त्याला फ्लँज नसते, बोल्ट नसतो. ॲक्सलवरच्या ठोकळ्यात एक भोक असते, त्यात स्प्रिंगसारखी बोटे असलेला पातळ पोलादी बुश (नळीसारखे अस्तर) बसवलेला असतो, आणि सेन्सरला ग्रीस लावून तो हाताने आत ढकलायचा असतो, दातेरी चाकाला टेकेपर्यंत. बस्स. फट मोजायची फिलर गेज नाही, फट जुळवायची शिम नाही, माप नाही. चाक पहिल्यांदा फिरते तेव्हा दातेरी चाकाचा सर्वात उंच भाग सेन्सरला किंचित मागे सारतो आणि तो तिथेच, बुशच्या पकडीत, थांबतो. ओतकामाची चूक, भोकाची चूक, सेन्सरच्या लांबीची चूक, या सगळ्या एका क्षणात निकालात निघतात, कारण एअर गॅप ठरवण्याचे काम प्रत्यक्ष त्या चाकाने, त्याच्या स्वतःच्या रनआउटसह केलेले असते. ध्रुवटोक गोल ठेवले की कोनाचाही प्रश्न उरत नाही.

या रचनेचे सगळे यश बुशच्या पकडीवर आहे. पकड सैल असेल, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सेन्सर मागे सरकतो. घट्ट असेल, तर तो हाताने आत जात नाही आणि कोणीतरी हातोडी उचलतो. या रचनेचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. चाकाचे बेअरिंग सैल झाले, तर डगमगणारे दातेरी चाक सेन्सरला प्रमाणाबाहेर मागे ढकलते, एबीएसचा दिवा लागतो, आणि जाणता मेकॅनिक सेन्सर बदलण्याआधी बेअरिंगचा खेळ तपासतो. सेन्सर नुसता पुन्हा आत ढकलून गाडी सोडून दिली, तर दिवा लवकरच परत लागतो. छोट्या वाहनांसाठीही याच विचाराची एक सोपी आवृत्ती पूर्वी वापरली गेली आहे. सेन्सरच्या टोकावर ठरावीक जाडीचा कागदाचा तुकडा चिकटवलेला येतो, तो रिंगला टेकेपर्यंत सेन्सर आत ढकलून बोल्ट आवळायचा, आणि पुढे गाडी चालू लागली की तो कागद आपोआप झिजून जातो. मापाचे साधन भागाबरोबरच आले, म्हणून ते गॅरेजमध्ये हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

एका बोल्टच्या प्लास्टिक फ्लँजबद्दल थोडक्यात लिहितो. बोल्टच्या भोकात पितळी किंवा पोलादी बुश हवाच, नाहीतर ताणाखाली प्लास्टिक हळूहळू दबते, बोल्ट सैल होतो आणि सेन्सर उचलला जातो. पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग भोकात शिरताना कापली जाऊ नये म्हणून भोकाच्या तोंडाला पुरेसा उतार हवा. डाव्या आणि उजव्या चाकासाठी शक्य असेल तिथे एकच पार्ट नंबर ठेवावा. केबलची दिशा वेगळी असल्यामुळे दोन भाग करावेच लागले, तर त्यांचे कनेक्टर एकमेकांत जाणार नाहीत असे करावेत. केवळ लेबलवरचे अक्षर चिखलात दिसत नाही.

गंजाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण बसवताना अगदी बरोबर असलेला सेन्सर नंतरही चुकीचा होऊ शकतो. २००५ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत १९९९ ते २००२ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे आठ लाख पिकअप आणि एसयूव्ही गाड्या परत बोलावल्या. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत या गाड्यांच्या पुढच्या हबवर, सेन्सर टेकतो त्या पृष्ठभागावर गंज चढत होता. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे तो सेन्सरला खालून उचलत होता आणि एअर गॅप वाढत होता. कॉइलवाल्या सेन्सरचे व्होल्टेज वेग कमी झाला की घटते, म्हणून वाढलेल्या फटीचा परिणाम सर्वात आधी कमी वेगाला दिसतो. गाडी थांबत आली असताना संकेत नाहीसा होई, कंट्रोलरला चाक अडकल्यासारखे वाटे, तो ब्रेकचा दाब सोडून देई, आणि गाडी थांबायला अधिक अंतर घेई. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. पण रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे बोल्ट ज्याने खोलून पाहिले आहेत, त्याला खाऱ्या हवेची आणि चार महिन्यांच्या पावसाची ताकद समजावून सांगावी लागत नाही. टेकण्याचा पृष्ठभाग लहान ठेवणे, त्यावर लेप देणे, पाणी साचणार नाही असा उतार ठेवणे, आणि शक्य असेल तिथे गंज उचलू शकणार नाही अशा दिशेने, म्हणजे बाजूने रिंग वाचणारा सेन्सर निवडणे, हे सगळे डिझाइनच्याच हातात आहे. सेन्सर बदलताना तो पृष्ठभाग घासून स्वच्छ केला पाहिजे, ही सूचना नव्या सेन्सरच्या पाकिटातच चित्रासह असायला हवी.

आजच्या बहुतेक कारमध्ये दातेरी रिंगच नसते. बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय ध्रुवांची काळी पट्टी असते, आणि डोळ्यांना ती साध्या रबरी सीलसारखीच दिसते. बेअरिंगच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूला ही पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. बेअरिंग प्रेस करताना ते उलटे गेले, तर यांत्रिकदृष्ट्या ते तितक्याच सुखाने बसते, चाक छान फिरते, गाडी बाहेर पडते आणि एबीएसचा दिवा लागतो. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना बहुधा खराब होते, म्हणजे पुन्हा नवे घ्यावे लागते. ध्रुव दाखवणारे एक छोटे कार्ड मिळते. ते पट्टीवर धरले की ध्रुवांच्या रेषा उमटतात. ते उपयुक्त आहे, पण ते वापरण्यासाठी आधी शंका यावी लागते. पट्टीच्या बाजूला ठळक वेगळा रंग, किंवा दोन्ही टोकांना किंचित वेगळा व्यास आणि नकलमध्ये त्याला जुळणारी पायरी, असे केले तर शंका येण्याची गरजच पडणार नाही. या ठिकाणी बेअरिंगचा डिझायनर, नकलचा डिझायनर आणि सेन्सरचा डिझायनर बहुधा तीन वेगळ्या कंपन्यांत बसलेले असतात, आणि चूक त्या तिघांच्या मधल्या जागेत राहते.

दुचाकींचा प्रश्न आपल्यासाठी सर्वात जवळचा आहे. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वच १२५ सीसीवरच्या दुचाकींना भारतात एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे टोन रिंग आणि वेगाचा सेन्सर हे भाग थेट रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात पोहोचले. मोटारसायकलची रिंग म्हणजे डिस्कच्या आत बसवलेली, खाचा पाडलेली पातळ पत्र्याची चकती असते. टायर काढण्यासाठी चाक जमिनीवर आडवे टाकले, त्या बाजूवर भार दिला किंवा पहार तिच्यावर टेकली, की ती किंचित वाकते, आणि मग प्रत्येक फेरीत एकदा ती सेन्सरच्या जवळ आणि एकदा दूर जाते. डोळ्यांना हा वाक दिसतही नाही. रिंग डिस्कच्या पातळीपेक्षा आत घेतली, तिच्या बाहेर एखादी उंच कड ठेवली, तर चाक आडवे पडल्यावर भार त्या कडेवर येईल. चाक परत बसवताना दोन बाजूंच्या स्पेसरची, म्हणजे अंतर राखणाऱ्या नळ्यांची, अदलाबदल झाली, तर सगळे चाकच काही मिलिमीटर सरकते आणि त्याबरोबर रिंगही. म्हणून दोन्ही स्पेसर एकसारखे करावेत, नाहीतर चुकीच्या बाजूला ते बसणारच नाहीत इतके वेगळे. पंक्चर काढणाऱ्याला एबीएस माहीत असावे, अशी अपेक्षा धरून दुचाकी डिझाइन करणे मला अन्यायाचे वाटते. त्याचे काम पंक्चर काढण्याचे आहे आणि ते तो चोख करतो.

शेवटची गोष्ट तपासणीची. लाइनच्या शेवटी रोलरवर गाडी फिरवून चारही सेन्सर संकेत देतात का, हे पाहिले जाते. पण संकेत येतो एवढे कळणे पुरेसे नाही. आधुनिक चिप आपली संवेदनशीलता आपोआप जुळवून घेते, त्यामुळे मर्यादेच्या अगदी काठावर बसलेला सेन्सरही तिथे स्वच्छ चौकोनी स्पंद देतो. तोच सेन्सर पुढे भर वेगात वळणावर, हब झुकून फट वाढल्यावर, स्पंद गाळतो. यावरचा उपाय चिपमध्येच उपलब्ध आहे. काही चाक-सेन्सर स्पंदाच्या रुंदीतून किंवा त्याला जोडलेल्या बिट्समधून एअर गॅपची किती राखीव शिल्लक आहे आणि बसवण्याची स्थिती समाधानकारक आहे का, हेही कळवतात. ही माहिती कंट्रोलरपर्यंत पोहोचते. ती लाइनवरच्या ऑपरेटरच्या पडद्यावर, बोल्ट आवळताक्षणी, हिरव्या किंवा लाल रंगात दिसली पाहिजे, आणि तीच माहिती गॅरेजमधल्या साध्या स्कॅनरवरही वाचता आली पाहिजे, म्हणजे गाडीखाली झोपलेल्या माणसाला चाक हाताने फिरवून, गाडी रस्त्यावर नेण्याआधीच, सेन्सर नीट बसला की नाही ते कळेल. सेन्सर निवडताना पुरवठादाराला विचारायच्या प्रश्नांत मी आता हा प्रश्न किमतीच्याही आधी ठेवतो.